अण्णांची टॉर्च

आमच्या घरात पहाटे कोंबडा आरवायचा नाही, कुणाच्या तरी गाडीचा सेल्फ आरवायचा. नाशिकला द्वारकेच्या चौकात, पुण्याच्या रस्त्याच्या तोंडाशी अण्णांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. अण्णा, आई आणि मी. मी अजून अंथरुणात असायचे, तोच बाहेर कुणीतरी किल्ली फिरवायचं. खर्र, खर्र, खर्र, आणि मग नुसतं टक्. अण्णा चादरीतून तोंडही बाहेर काढायचे नाहीत. आतूनच म्हणायचे, "बॅटरीचा दोष नाय. डायनमो भरत नाय तिला." स्टोला पंप मारता मारता आई म्हणायची, "आधी तोंड धुवा. डायनमो कुठं पळून चालला नाय." ते खरंच होतं, कारण गाडी बंद पडलेली असायची.

अण्णा गाड्यांचे वायरमन होते. इंजिन, ब्रेक, क्लच यांच्याकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. दिवे, हॉर्न, सेल्फ, बॅटरी आणि सगळ्यांत वर डायनमो, एवढंच त्यांचं राज्य. तोवर बहुतेक गाड्यांत अल्टरनेटर आले होते, पण अण्णा त्यालाही डायनमोच म्हणायचे आणि गिऱ्हाइकंही. इंजिनाबरोबर पट्ट्यावर फिरायचं, वीज तयार करायची, गाडीला पुरवायची आणि उरलेली बॅटरीत भरायची, हे त्याचं काम. ते बिघडलं तरी गाडी लगेच थांबत नाही, बॅटरीत साठलेल्या विजेवर चालत राहते, आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. "डायनमो जायच्या आधी दहादा सांगतो," अण्णा म्हणायचे, "ऐकणारा पायजे." दिवे पिवळे पडतात आणि ॲक्सिलेटर दाबला की तेवढ्यापुरते उजळतात. हॉर्नचा घसा बसतो. बॉनेट उघडलं की जळकट वास येतो. समोरचा लाल दिवा उघडझाप करू लागतो. हे मी सहावी-सातवीतच शिकले होते. पण अण्णांना यातलं काही लागायचं नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते चालू डायनमोवर टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आतली बेअरिंग झिजली असेल तर बारीक गुरगुर येते. ती ऐकून ते डोळे उघडायचे आणि एकच शब्द बोलायचे, "ठणठणीत" किंवा "गेलाय". त्या शब्दावर माणसं सुरगाण्याच्या डोंगरात जीप घालायची आणि मुंबईला लग्नाची वऱ्हाडं न्यायची. मीटर लावून बघायला कुणी सांगितलं तर अण्णांना राग यायचा.

गिऱ्हाइकं घरच्यासारखी होती. सुरगाण्याकडचे जीपवाले पावसाळा संपला की नागलीचे पापड आणून द्यायचे, दिंडोरीचे बागाईतदार द्राक्षांच्या पेट्या. आई हुलग्याचे शेंगोळे करायची त्या दिवशी पातेलं मोठं चढायचं, कारण लसणाच्या वासाने दुकानातला एखादा तरी आत डोकवायचाच. त्यात सगळ्यांत लाडके म्हणजे दिंडोरीचे रंगनाथ तात्या. त्यांची एक जुनी पांढरी पेट्रोल गाडी होती. तिच्या दिव्यांना अण्णांशिवाय कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. मला ते वायरमनीण म्हणायचे. लांबूनच हाक यायची, "काय वायरमनीण, आज कुणाला करंट लागला?" त्यांची धाकटी बहीण मथू सिन्नरला दिली होती. भाऊबीज, संक्रांत, काहीही असो, तात्या सिन्नरला निघाले की द्वारकेला थांबल्याशिवाय जायचे नाहीत. एकदा ते मथूआत्यांना माहेरी नेत होते. गाडीचं काम होईपर्यंत त्या आमच्या ओट्यावर बसल्या, माझ्या तेलकट हातांकडे बघून हसल्या आणि स्वतःच्या अंबाड्यातला गजरा काढून माझ्या वेणीत माळला. डिझेल आणि मोगरा असा वास दिवसभर माझ्या डोक्याला येत होता. त्यांची एवढीच आठवण माझ्याकडे आहे, आणि ती मला पुरून उरली आहे.

अण्णांचे कान कधी जायला लागले ते नक्की सांगता येणार नाही. तीस वर्षं ट्रकचे हॉर्न आणि ग्राइंडर ऐकलेले कान ते. आधी बारीक आवाज गेले. आईच्या हातून चमचा पडला तर ते वळायचे नाहीत, पातेलं पडलं तर वळायचे. रेडिओ मोठा झाला. मग आई बोलताना त्यांच्या समोर जाऊन उभी राहायला लागली, आणि मी दुकानात गिऱ्हाइकाचं बोलणं मोठ्याने पुन्हा म्हणायला लागले, जणू मीच नीट ऐकून घेते आहे. "म्हणजे तुमचा हॉर्न कालपासून वाजत नाही, होय ना?" आमच्यापैकी कुणीही कधी म्हटलं नाही की अण्णांना ऐकू येत नाही. ज्याचा कान हाच त्याचा धंदा, त्याच्या कानाविषयी त्याच्याच घरात कसं बोलायचं?

टॉर्चचं सुरू झालं ते असंच, न बोलता. बॉनेटखाली अंधार असतो म्हणून मी टॉर्च धरायचे. पत्र्याची, तीन सेलची, पुढची काच तडकलेली. एका जीपच्या डायनमोची गुरगुर मला उभ्या जागी ऐकू येत होती. अण्णांनी मूठ कानाला लावली, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "ठणठणीत." मला काय वाटलं कोण जाणे, माझा हात आपोआप खाली आला. टॉर्चचा उजेड डायनमोवरून निसटून जमिनीवर पडला. अण्णांनी त्या उजेडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता जीपवाल्याला म्हणाले, "थांब, पुन्हा बघतो." पुन्हा मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "गेलाय रं. बेअरिंग वाजतीय." त्या दिवसापासून तो आमचा कायदा झाला. उजेड स्थिर राहिला तर ठणठणीत, खाली आला तर गेलाय. तीन वर्षं आम्ही असं चालवलं. ते स्क्रूड्रायव्हर लावायचे, डोळे मिटायचे, मग तळहातही टेकवायचे, सगळा विधी व्हायचा, आणि शेवटी हळूच उजेडाकडे बघायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, तुमचा कान म्हणजे कान हाय." अण्णा हसायचे नाहीत. मी त्यांच्याकडे बघायचे नाही. खंडेनवमीला ते हत्यारं मांडून पूजा करायचे, पाने, पक्कड, सोल्डरची इस्त्री, आणि त्या रांगेत मधोमध ती टॉर्च ठेवायला लागले. तिला झेंडूचं सगळ्यांत मोठं फूल मिळायचं. मला वाटायचं, बोलायची काय गरज आहे, दोघांनाही ठाऊक आहे. आज वाटतं, तेव्हाच एकदा बोलायला हवं होतं.

दहावीला मला चांगले मार्क पडले. शाळेतल्या बाईंनी स्वतः फॉर्म आणून दिला, पॉलिटेक्निकचा, इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा. मुली तेव्हा तिकडे जात नसत, म्हणून मला तर आणखीच जायचं होतं. माझ्या नाकावर राग तेव्हाही असायचा. फॉर्मवर वडिलांची सही लागत होती. अण्णांनी तो घेतला, दोन्ही बाजूंनी वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठेव. बघतो." मी रोज विचारायचे, ते रोज "बघतो" म्हणायचे. शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी डायनमोचा कार्बन ब्रश शोधताना तो मला ड्रॉवरच्या तळाशी सापडला. घडी तशीच, सही नाही. मी तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं आणि म्हणाले, "दुकानात शिकायला काय कमी हाय?" बस्स, एवढंच. मी आईकडे वळले. ती पोळपाटाकडे बघत राहिली. मुलगी म्हणून मला कोंडून घालतायत, एवढंच मला कळलं. त्या रात्री मी जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. घरात शेंगोळे होते. आईने माझ्या वाटणीचे दोनदा गरम केले.

त्याच दुपारी तात्यांची पांढरी गाडी आली. पाऊस भुरभुरत होता. लांबून हाक आली नाही. तात्या गाडीतून उतरले ते छत्री न उघडता, टोपी भिजू देत. मला वायरमनीण म्हणाले नाहीत. "अण्णा, लाल दिवा लागतोय. सिन्नरला जायचंय, लोकं थांबलीत तिथं. गाडी पोचंल का बघा. नायतर इथूनच यष्टी धरतो." मी ते अण्णांना मोठ्याने सांगितलं, पण कोरड्या आवाजात, कर्तव्य म्हणून. आईने आतून चहा पाठवला. तात्यांनी घेतला नाही. स्टूल पुढे केलं तर बसले नाहीत. मला वाटलं, यांनाही आज शिष्टपणा सुचलाय. मागच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, कोपऱ्यातून हिरवा काठ दिसत होता. मनात आलं, असेल कुणाची तरी ओटी, कुणाचं तरी डोहाळजेवण. लोकांच्या घरी कशी कौतुकं चालतात आणि आमच्याकडे फॉर्म ड्रॉवरमध्ये कुजतो.

अण्णांनी बॉनेट उघडलं. मी टॉर्च धरली. पट्टा ढिला झाला होता. अण्णांनी डायनमो सरकवून पट्टा ताणला, नट आवळला, तात्यांना गाडी चालू करायला सांगितली. लाल दिवा विझला. गाडीत बसलेल्या तात्यांनी काचेतून हात वर केला. इतर कुणी एवढ्यावरच बॉनेट लावलं असतं, पण अण्णा कान लावल्याशिवाय कुणाला सोडत नसत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. मला स्क्रूड्रायव्हरची गरज नव्हती. रिकाम्या डब्यात खडे फिरवावेत तशी ती बेअरिंग वाजत होती, आणि पट्टा ताणल्यावर तिच्यावर जोर आला होता, त्यामुळे आणखीच. हे मला कळत होतं. ताणलेला पट्टा खराब बेअरिंगला लवकर मारतो हे अण्णांनीच मला शिकवलं होतं. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि तळहात डायनमोवर ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. मग उजेडाकडे पाहिलं.

माझा हात हलला नाही. मी तो हलू दिला नाही, असं लिहिते, म्हणजे खरं होईल. अण्णांनी हात काढला, परत ठेवला आणि दुसऱ्यांदा उजेडाकडे पाहिलं. मी टॉर्च तशीच धरली, डायनमोवर, न थरथरता. माझ्या मनात काय होतं ते मी इतक्या वर्षांत अनेकदा चिवडून पाहिलं आहे. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. गाडी पुढच्या चौकात बंद पडावी, लोकांनी ती ढकलत परत आणावी आणि चार माणसांत अण्णांना कळावं की माझ्यावाचून त्यांचं चालत नाही, एवढंच मला हवं होतं. सोळा वर्षांच्या मुलीचा राग तो. अण्णा सरळ झाले आणि तात्यांना म्हणाले, "ठणठणीत. पट्टा ढिला व्हता. जावा बिनघोर." तात्यांनी हात जोडले आणि गाडी काढली. मी चौकापर्यंत तिच्यावर नजर ठेवून होते. ती बंद पडली नाही. चौक ओलांडून, ट्रकच्या गर्दीत शिरून दिसेनाशी झाली. माझा जीव भांड्यात पडला, आणि थोडी निराशाही झाली, दोन्ही एकदम. संध्याकाळी मी गार झालेले शेंगोळे खाल्ले.

तात्या आले ते चौथ्या दिवशी, पायी. गाडी नव्हती. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, एक रिक्षावाला बाकावर बसून बिडी ओढत होता. तात्यांनी काखेतलं पुडकं काढून अण्णांच्या कामाच्या टेबलावर ठेवलं. तेच वर्तमानपत्र, आता भिजून वाळलेलं, आणि त्यातून डोकावणारा तोच हिरवा काठ. ते हळू आवाजात बोलायला लागले. अण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग, नेहमीसारखे, माझ्याकडे वळले. मी ऐकत होते. तात्या म्हणत होते, "मथू गेली अण्णा. त्या दिवशी तिच्याच मयताला निघालो व्हतो. दुसऱ्याच्या धंद्याच्या जागी तसलं नाव काढू नाय म्हणून बोललो नाय. दिंडोरीची सगळी पुढं गेली व्हती, साडी घ्यायला म्हणून मी मागं राहिलो. सिन्नरच्या अलीकडं, मोहदरीच्या घाटात डायनमो जाम झाला आन पट्टा जळून तुटला. इंजिनातून वाफा. पावसात दीड तास हात केला, एक गाडी थांबली नाय. तिकडं समद्यांनी वाट बघितली. दिवस मावळाया आला तवा अग्नी दिला."

आमच्याकडे बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. सवाष्ण गेली तर हिरवी. ती भावाने आणायची, मग ती नेसवून तिला उचलायचं. सासर कितीही भरलेलं असलं तरी त्या साडीशिवाय बाई पोरकी गेली असं मानतात. तात्या साडीवर हात ठेवून म्हणाले, "म्हायेराची साडी नाय अंगावर, अशी गेली माझी बहीण. आन मी घाटात."

"काय म्हणतायत?" अण्णांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "अण्णा, मथूआत्या गेल्या." त्यांना कळलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. तो हात त्यांनी आजवर कधी, कुणासमोर धरला नव्हता. मी थोडं मोठ्याने म्हटलं, "गेल्या. त्या दिवशी तात्या तिकडेच चालले होते." रस्त्यावर कंटेनर हॉर्न देत होता. अण्णा माझ्या ओठांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते ओशाळं हसू होतं, ऐकू न आलेल्या माणसाचं. "काय? साडी कुणाची?" आणि मग मी ओरडले. गळ्याच्या शिरा ताणून ओरडले. "गाडी घाटात बंद पडली! आत्यांना साडी पोचली नाही! अण्णा, माहेरची साडी पोचली नाही!"

रिक्षावाल्याने बिडी खाली टाकली. गिऱ्हाइकं एकदा अण्णांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तेव्हा त्या दुकानात सगळ्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या. मथूआत्यांचं काय झालं ते, आणि द्वारकेच्या ज्या वायरमनच्या कानावर नाशिक जिल्हा गाड्या चालवत होता, त्याला हाताच्या अंतरावरचं बोलणं ऐकू येत नाही ते. अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी तेलाचे हात विजारीला पुसले, पुन्हा पुसले आणि तात्यांपुढे जोडले. "माझा कान गेलाय तात्या. लय दिवस झालं. मी सांगायला पायजे व्हतं." टॉर्चचं नाव त्यांनी काढलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच, दोन हातांवर उभी होते. मघाशी एवढी ओरडलेली मी, एक शब्द बोलू शकले नाही. तात्यांनी साडीवरचा हात काढला. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "आधी बोलायचं अण्णा," ते म्हणाले. "मी यष्टीनं गेलो असतो." आणि साडी तिथेच ठेवून पावसात निघून गेले. दिंडोरीची ती पांढरी गाडी आमच्या दारात पुन्हा आली नाही.

दहाव्याच्या दिवशी अण्णा धुतलेला सदरा घालून ती साडी घेऊन सिन्नरला गेले, एकटे, एसटीने. तिथे काय झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. परत आले तेव्हा हातात साडी नव्हती. आले ते दुकानापुढे स्टूल मांडून त्यावर चढले आणि त्याच लांब स्क्रूड्रायव्हरने पाटीचे चार स्क्रू काढले. आई दारात उभी होती. "अवो, निदान दिवाळीपर्यंत," ती म्हणाली, पण त्यांची पाठ तिच्याकडे होती. त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी हत्यारं मांडली, टॉर्च मांडली नाही. नंतर ते एका ओळखीच्या माणसाच्या बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर भरायला जाऊ लागले. तिथे कुणाचं ऐकावं लागत नसे. आम्ही पंचवटीत भाड्याच्या खोलीत गेलो. तिथे पहाटे देवळातल्या घंटा ऐकू यायच्या. मला त्या आवाजाने जाग यायची आणि सेल्फच्या आवाजासाठी मी वाट बघत पडून राहायचे.

पुढच्या जूनमध्ये अण्णा स्वतः पॉलिटेक्निकच्या रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या माणसाने काहीतरी विचारलं, ते वळून माझ्याकडे बघू लागले, आणि मी त्या सगळ्या मुलांदेखत ओरडून त्यांना सांगितलं, "सही, अण्णा! इथे सही!" त्यांनी केली. मला जे हवं होतं ते मिळालं. ते कशाच्या बदल्यात मिळालं, हे त्या इमारतीत तीन वर्षं रोज पायरी चढताना मला आठवायचं. दुसऱ्या वर्षाला असताना एकदा भाकरी थापता थापता आई म्हणाली, "फॉर्म का ठिवला व्हता त्यांनी, ठाऊक हाय तुला?" मी म्हटलं, ठाऊक आहे, मी मुलगी म्हणून. आईने तव्यावर पाणी फिरवलं. "मला म्हणले, ती गेली की माझे कान गेले. पोरीला कसं सांगू, लाज वाटती. एक वरीस थांबू दे तिला. तवर दुकान आवरतो, मंग धाडतो." भाकरी फुगली, आईने ती उतरवली, माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली.

आता माझी पन्नाशी उलटली. आयटीआयमध्ये मी गाड्यांची वायरिंग शिकवते, मुलांच्या हातात आधी मीटर देते आणि कानावर विश्वास ठेवू नका म्हणून सांगते. मुलं म्हणतात, मॅडम स्वतः मात्र आधी कान लावतात. ते खरं आहे. पण मला सांगायचंय ते शेवटच्या एका दुपारचं. मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती, एक छोटी गाडी घेतली होती. दिवाळीत पंचवटीला गेले. अण्णा तेव्हा पार थकले होते, आणि पातेलं पडलं तरी आता वळत नव्हते. गाडी दारात चालू होती, मी मागची पिशवी काढत होते. बघते तो अण्णा काठी टेकत गाडीपाशी आलेले, बॉनेटवर हात ठेवून उभे. त्यांनी खुणेने बॉनेट उघडायला सांगितलं. मी उघडलं. त्यांनी तळहात डायनमोच्या अंगावर ठेवला आणि सदऱ्याच्या खिशातून ती टॉर्च काढून माझ्यापुढे धरली. पत्र्याची, तडकलेल्या काचेची. भर दुपारची वेळ होती. त्यांनी सेल नवे घातले होते.

मी ती घेतली. उजेड डायनमोवर धरला, आणि ऐकलं. आठवडाभर माझ्या कानावर येत असलेली आणि कामाच्या घाईत मी टाळलेली गुरगुर होती ती. मी टॉर्च खाली आणली. उजेड जमिनीवर, अण्णांच्या चपलांवर पडला. अण्णांचा चेहरा उजळला. "बरोबर," ते म्हणाले. कान गेल्यापासून त्यांचा आवाज मोठा झाला होता. "हात बी त्येच सांगतोय." मग हात तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता, एखादी जुनी शंका काढावी तसं म्हणाले, "तात्याच्या गाडीला पण हातानं मला सांगितलं व्हतं. गेलाय म्हणून. दोनदा सांगितलं. पण तुझी टॉर्च हलली नाय. म्हटलं, पोरीचा कान चुकायचा नाय. माझाच हात चुकत आसंल."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. म्हटलं, "अण्णा, मला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम हलवली नाही." साध्या आवाजात म्हटलं. त्याहून मोठा आवाज माझ्यातून निघाला नाही.

"काय म्हणलीस?" त्यांनी कानामागे हात धरला. ओट्यावर शेजारच्या बायका फराळाची ताटं घेऊन उभ्या होत्या. आई दारात होती. मला ते ओरडून सांगावं लागणार होतं.

"बारा नंबरचा पाना द्या," मी ओरडले. "पट्टा काढायचाय."

"हां," अण्णा म्हणाले, आणि घरात जाऊन पाना घेऊन आले.